पावणेसात हात

अग्रणीच्या कोरड्या पात्रातून जीप गेली
तेव्हा मॅडम म्हणाल्या, "कलम तोंडपाठ आहे ना?"
मी मांडीवरचं पुस्तक उघडलं.
वर्तमानपत्राचं कव्हर, आत खळीनं चिकटवलेल्या
दुरुस्त्यांच्या चिठ्ठ्या, एकीवर एक.
सरपंच बाई असेल तर तीन चतुर्थांश.
नवाचे तीन चतुर्थांश
पावणेसात.

पावणेसात हात कुठून आणायचे?
गावानं सात आणले होते.
चार दिवस गणपतीपुळ्याला ठेवलेले,
मोबाईल एका पिशवीत,
पिशवी नानाच्या मेहुण्याकडे.
टेम्पो ट्रॅव्हलर थेट पंचायतीच्या दारात थांबली.
चार नव्या टोप्या उतरल्या, तीन नव्या साड्या,
आणि सगळ्यांच्या चपलांत समुद्राची वाळू.

ठरावात कारण एका ओळीत: मनमानी कारभार.
खरं कारण हवेत होतं,
बेदाण्याच्या शेडवरून येणाऱ्या गंधकाच्या धुरीसारखं.
छबुताई ऐवळेंनी पाण्याचा व्हॉल्व्ह
आधी वरच्या वस्तीकडे फिरवला होता.
रोज अर्धा तास.

नाना सदस्य नाही. तो खिडकीबाहेर उभा.
गुप्त मतदान कुणी मागितलं नाही,
नानाला हात दिसायला हवे होते.

मी नोटीस वाचली, पोच दाखवली,
आठ सह्या, एक अंगठा.
वाचता वाचता मनात आलं,
हे पावणेसात ठरवलं कुणी?
कुठल्यातरी सभागृहात, पंख्याखाली,
कुणालातरी ठाऊक असणार
बाईच्या खुर्चीचे पाय आधी कापतात ते.
तिथंही हातच मोजले असतील,
तिथंही खिडकीबाहेर कुणीतरी नाना असेल.
कायदा म्हणजे मागे कधीतरी वर गेलेले हात,
अजून खाली न आलेले.
अवघडत असतील.

"ठरावाच्या बाजूनं?"
नानाच्या पोराचा हात प्रश्न संपायच्या आधी वर.
मग दुसरा, तिसरा, बांगड्यांचा आवाज,
पाच, सहा.
सातवा बिरू मासाळ.
त्याचा हात मांडीवरून निघाला,
पोटाशी आला, छातीशी आला,
खांदा ओलांडला
आणि कानाच्या पाळीशी थांबला.
पाऊण वर.

बिरूची मेंढरं वरच्या वस्तीच्या हौदावर पितात.
लेकीच्या लग्नाला नानानं दिलेले पन्नास हजार
अजून फिटायचेत.
दोन्ही मला त्या हातात दिसत होतं,
पण इतिवृत्तात त्याला रकाना नाही.

"मासाळ, हात वर आहे की खाली?"
खिडकीत नाना खाकरला.
मॅडमनी मान न वळवता सांगितलं,
"सदस्य नसलेल्यांनी खाकरू नये."
बिरूनं स्वतःच्या हाताकडे बघितलं,
शेजाऱ्याचं जनावर आपल्या रानात दिसावं तसं.
मग त्याच हातानं नवी टोपी काढली,
कपाळ पुसलं,
टोपी मांडीवर ठेवली
आणि हात टोपीवर.

"सहा," मॅडम म्हणाल्या.
मी लिहिलं, सहा.
आधी आकड्यात, मग अक्षरी.

छबुताई हसल्या नाहीत की रडल्या नाहीत.
सही केली, घड्याळ बघितलं,
पाना घेऊन व्हॉल्व्हकडे गेल्या.
अर्धा तास उशीर झाला होता.

आम्ही निघताना नाना जीपपाशी आला.
"भाऊसाहेब, परत कधी आणता येतो?"
आवाजात राग नव्हता, हिशेब होता.
मी पुस्तक बॉनेटवर उघडलं,
बोट ठेवून मुदत वाचून दाखवली.
मधल्या चिठ्ठीची खळ सुटली होती,
वाऱ्यानं ती उडायला लागली
तशी नानानंच पटकन
अंगठ्यानं दाबून धरली.